हंगाम एकच मिळतो: डेटा सायन्सच्या एका वर्षाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली एक मुलगी, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. विद्यापीठाच्या डेटा सायन्स संस्थेत तिला एका वर्षासाठी संशोधन सहायक म्हणून घेतलंय. गटात एक कीटकशास्त्रज्ञ, एक संगणकवाले, समाजशास्त्राच्या मॅडम आणि सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर. विषय आहे कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा आगाऊ इशारा. ती विचारते: जायच्या आधी डीप लर्निंग शिकून घेऊ का? वर्षाच्या शेवटी हाती काय लागेल? आणि बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे, त्यांना काय सांगू?

मी मूळचा कृषी संख्याशास्त्राचा. अशा मिश्र गटांत, वर्धा-यवतमाळकडच्या गावांत, बरीच वर्षं काढली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो.

डीप लर्निंग आत्ता नका शिकू. एका हंगामाच्या, दहा-वीस गावांच्या माहितीवर ते चालवणं म्हणजे गुंठाभर वांग्यात ट्रॅक्टर घालण्यासारखं आहे. एम.एस्सी.ला शिकलात तेवढं रिग्रेशन नीट येत असेल तर पहिले सहा महिने काही अडत नाही. तुमचा कस लागणार आहे तो निराळ्याच ठिकाणी: तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, यावर चार विषयांच्या चार माणसांचं एकमत घडवण्यात.

ऐकायला हे सोपं वाटतं. कीटकशास्त्रज्ञाची एक ओळ म्हणजे एक कामगंध सापळा (मादीच्या वासाची गोळी लावून बोंडअळीचे नर पतंग पकडणारा) आणि एक रात्र. संगणकवाल्यांची ओळ म्हणजे उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन. मॅडमची ओळ म्हणजे एक घर, डॉक्टरांची म्हणजे एक रुग्ण. पीकविम्याचा कागद आणाल तर त्यात ओळ असते अख्ख्या महसूल मंडळाची. आणि शेतकरी तर क्षेत्र सांगतो बॅगांमध्ये: "यंदा चार बॅगा पऱ्हाटी हाय." पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि बॅग म्हणजे बियाण्याची, साधारण एकराला एक. पण दाट लावणाऱ्याची बॅग एकराच्या आतच संपते. सातबारावर तिसराच आकडा, तोही हेक्टर-आरमध्ये. आमच्या पहिल्या प्रकल्पात 'क्षेत्र' नावाच्या एकाच रकान्यात कुणी एकर लिहिले होते, कुणी हेक्टर, कुणी बॅगा. आकडे सगळे दोन, तीन, पाच असेच, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. एका शेताचं उत्पन्न कुठल्याही संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर निघणार नाही इतकं निघालं, तेव्हा आम्ही जागे झालो. तोवर दोन महिने गेले होते.

म्हणून पहिल्या आठवड्यातच एक कोरा कागद घ्या, चौघांना एका टेबलाशी बसवा आणि प्रत्येकाला त्याची ओळ हाताने लिहायला लावा. वाद होतील, होऊ द्या. ऑक्टोबरात होण्यापेक्षा ते तेव्हाच झालेले बरे.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्याही तक्त्यात ती येणारच आहे. आमच्याकडे गावोगावच्या सापळ्यांच्या रोजच्या नोंदी यायच्या. किती पतंग सापडले, एवढाच आकडा. काही ठिकाणी रकाना कोरा. एका हुशार पोराने सगळ्या कोऱ्या जागी शून्य भरलं आणि प्रतिमान, म्हणजे अंदाज बांधणारं संगणकी यंत्र, चालवलं. निकाल झकास आला. कोणते घटक महत्त्वाचे ठरले ते पाहिलं तर तापमान, आर्द्रता आणि वार. वार? बुधवारी पतंग कमी सापडतात असं यंत्र म्हणत होतं. संगणकवाले खूश, काहीतरी नवं सापडलं म्हणून. कीटकशास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला. शेवटी त्या गावात गेलो आणि नोंद ठेवणाऱ्या काकाजींना विचारलं. ते म्हणाले, "बुधवारी बजार रायते ना सायब, त्या दिवशी कोन पायते सापळा?"

पतंग बाजाराला गेले नव्हते, काकाजी गेले होते. बरं, प्रकार एवढ्यावर थांबत नाही. बुधवारी सापळा रिकामा केला नाही, की गुरुवारच्या आकड्यात दोन रात्रींचे पतंग येतात. म्हणजे बुधवार खोटा कमी आणि गुरुवार खोटा जास्त. आणि इशारा कशावर द्यायचा? शिफारस अशी आहे की सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर नुकसानीची पातळी ओलांडली. 'सलग तीन रात्री'मध्ये एक बुधवार आला की सगळं गणित कोलमडतं. शून्य, कोरं आणि 'गेलो नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना तीन वेगळ्या खुणा द्या. गोळीचाही रकाना ठेवा. सापळ्यातली गंधगोळी जुनी झाली की पतंग येईनासे होतात, शेतात ते असले तरी. गोळी बदलल्याची तारीख नसेल, तर नवी गोळी लावलेल्या दिवशी तुमचं यंत्र 'उद्रेक' म्हणून ओरडेल.

मोजणाऱ्या माणसामुळे आकडा बदलतो, हे काही आजचं ज्ञान नाही. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात पीककापणी प्रयोगांवर काम केलं. कापणीसाठी आखलेला चौकोन फार लहान असेल तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी दाखवलं. कारण साधं: सीमेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात ते आत ओढतो. चौकोन जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची सीमा जास्त. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी चौकोनाच्या आकारावरून त्यांचा मोठा वाद झाला. शेतात जाऊन कापणी पाहिल्याशिवाय हा दोष नुसत्या आकड्यांतून सापडला नसता. 'आंतरविद्याशाखीय' हा जड शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, काम मात्र तेच होतं.

पावसाचं एक लक्षात ठेवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. जी तारीख लिहितात ती मोजणीच्या सकाळची. सोमवारी संध्याकाळी धो धो कोसळलेला पाऊस वहीत मंगळवारचा होतो. सापळ्याची नोंदही सकाळचीच, पण बरेच जण ती आदल्या रात्रीच्या तारखेने लिहितात. दोन्ही तक्ते तारखेवर जोडले की एक दिवसाची पाचर बसते. स्वयंचलित केंद्राची माहिती घेतलीत तर तिथल्या दिवसाची व्याख्या काय, हे आधी विचारून घ्या.

गावांच्या नावांवर तर मी स्वतंत्र लिहू शकेन. पिंपळगाव किती, वडगाव किती, पिंप्री किती, मोजून दमाल. खुर्द आणि बुद्रुक कुणी लिहितं, कुणी लिहीत नाही, कुणी 'बु.' लिहून मोकळं होतं. जुन्या फायली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात, त्या युनिकोडमध्ये आणताना 'श्र'चं काहीतरी भलतंच होतं. नावावर तक्ते जोडूच नका. जनगणनेचा सहा आकडी ग्रामसंकेतांक शोधा आणि त्याच्यावर जोडा. आणि रिठी गावं विसरू नका. आपल्याकडे महसुली नकाशावर गाव आहे, शेती आहे, गट नंबर आहेत, पण माणूस एकही राहत नाही, अशी रिठं पुष्कळ. दरडोई काही काढायला गेलात की भागाकार शून्याने. संगणकवाले म्हणतील ओळ काढून टाका. काढू नका, तिथली कपाशी खरी आहे आणि तिच्यातली अळीही खरी आहे.

तारखांचं तुम्हाला घरूनच ठाऊक असेल. "मृगात पेरलं" म्हटलं तर 7-8 जूनपासून पुढचे दोन आठवडे, दरवर्षी जवळपास तेच, कारण नक्षत्रं सूर्यावर चालतात. "पोळ्याच्या आधी फवारा मारला" म्हटलं की मात्र पंचांग काढावं लागतं. 2023ला अधिक श्रावण आल्यामुळे पोळा 14 सप्टेंबरला होता, 2024ला 2 सप्टेंबरला. संस्थेतल्या कुणी 'पोळा = ऑगस्टअखेर' असा सरसकट नियम लिहिला असेल तर तो तुम्हालाच पकडायचा आहे. त्या खोलीत हे ओळखणारं दुसरं कुणी बहुधा नसेल.

उपग्रहाबद्दल थोडं, कारण सगळ्यांना त्याचंच वेड असतं. सेंटिनेल-2 ची चित्रं फुकट मिळतात. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी फेरी, आणि चित्रातला एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा. म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे आपला जवळपास एक गुंठा. हे गावात सांगितलं की लोकांना लगेच कळतं: "वरून गुंठा-गुंठा दिसतो." अडचण अशी की खरिपात ढग असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सलग कित्येक फेऱ्यांत पांढऱ्या कापसाऐवजी पांढरे ढगच हाती येतात. ढगांतून पाहणारं रडार असतं, पण त्याचं वाचन हे वेगळंच शास्त्र आहे.

आणि समजा ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं, तरी फसवणूक संपत नाही. एका वर्षी आमच्या नकाशात एका गावची कपाशी डिसेंबरपर्यंत हिरवीगार दिसली. आजूबाजूची सगळी वाळलेली. गटात चर्चा रंगली: इथे अळी का आली नसावी? जमीन वेगळी? वाण वेगळं? एक सहकारी तर शोधनिबंधाचं शीर्षकही सुचवायला लागला. मी गाडी काढली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो तर समोर कपाशीच्या तासांमध्ये (ओळींमध्ये) तुरीची तासं. कपाशी कधीच पडली होती, तूर फुलोऱ्यावर होती. शेतमालक शेजारीच होता. मी त्याला नकाशा दाखवला, तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "तूर हाय ते. पऱ्हाटी तं दिवाईलेच गेली." आठ-दहा तासांमागे तूर टाकायची रीत विदर्भात पिढ्यानपिढ्या आहे. ती 'पीक: कापूस' असं लिहिलेल्या रकान्यात मावत नाही.

आता वेळापत्रक, कारण माझ्या मते बहुतेकांचं वर्ष इथेच बुडतं. संस्थेचं वर्ष जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं. कपाशी तोवर लागून गेलेली असते. तुम्ही रुजू होणार, ओळखपत्र, खातं, बसायला जागा यात महिना जाणार. मग माणसांकडून माहिती घ्यायची तर नीती समितीची परवानगी लागते, तिचा अर्ज, दुरुस्त्या, पुन्हा बैठक. परवानगी हातात येते तेव्हा पात्या-फुलांचा काळ संपून बोंडं भरायला लागलेली असतात, आणि डोमकळ्या (अळी लागल्याने न उमललेली फुलं) दिसायच्या तेव्हा दिसून गेलेल्या. बोंडअळी बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं, फोडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे उशिरा पोचलेल्या माणसाला चुकलेलं भरून काढता येत नाही. म्हणून नेमणुकीचं पत्र आलं असेल तर आजच मॅडमना पत्र लिहा आणि नीती समितीचा अर्ज रुजू व्हायच्या आधीच पुढे सरकवायला सांगा. तो त्यांच्या नावाने जातो, तुमची वाट पाहायची गरज नाही.

संमतीपत्राचं मराठी तुम्ही स्वतः लिहा. इंग्रजीवरून ओढून आणलेलं चार पानी पत्र वाचून आमच्याकडे एका आजींनी विचारलं होतं, "हे जमिनीचं हाय का?" सही घेणारा घाबरवतो, हा आपल्याकडचा अनुभव आहे, त्यांचा दोष नाही. 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याच्या आधीची गोष्ट ही की तीनशे घरांच्या गावात नाव पुसल्याने काही लपत नाही. 'विधवा, दोन एकर, विहीर आहे, कर्ज थकीत' एवढं लिहिलं की पारावर बसलेला कुणीही नाव सांगेल. असे रकाने एकत्र बाहेर देऊ नका. गटाबाहेर जाणारा तक्ता नेहमी वेगळा ठेवा.

यानंतर खरं संख्याशास्त्र येतं, आणि इथे तुम्ही त्या चौघांपेक्षा पुढे असाल. तुमच्याकडे समजा तीन हजार ओळी जमल्या. संगणकवाले त्या पत्त्यांसारख्या पिसतील, ऐंशी टक्क्यांवर यंत्र शिकवतील, वीस टक्क्यांवर तपासतील. अचूकता छान येईल. पण एकाच गावाच्या सोमवारच्या ओळीवर शिकून मंगळवारची ओळ ओळखणं ही परीक्षा नव्हे, कॉपी आहे. शेजारच्या दोन शेतांत पाऊस तोच, वाण बहुधा तेच, अळीही इकडून तिकडे उडणाऱ्या त्याच पतंगांची. तपासणीसाठी अख्खी गावं बाजूला काढा. अचूकता धाडकन खाली येईल, गटात नाराजी होईल. तो खालचा आकडाच लिहा.

आणि गावं बाजूला काढली तरी हंगाम बाजूला काढता येत नाही, कारण तो एकच आहे. तीन हजार ओळी आहेत, पण पावसाळा एक. हंगामांच्या हिशोबात तुमच्या नमुन्याचा आकार एक. ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षाचं यंत्र, पाऊस लवकर गेलेल्या वर्षी काय सांगेल, हे तुमच्या माहितीतून कळूच शकत नाही. कीटकशास्त्रज्ञ हे जन्मजात जाणतात, दोन-तीन हंगामांच्या चाचण्या झाल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. संगणकवाल्यांना परिषदेच्या तारखेची घाई असते. दोघांच्या मधे तुम्ही उभ्या असणार. जुन्या वर्षांच्या सापळ्यांच्या नोंदी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत मिळतात का, हे पहिल्याच महिन्यात मार्गदर्शकांकरवी रीतसर विचारून पाहा. जुने तीन हंगाम मिळाले तर ते तुमच्या नव्या तीन हजार ओळींपेक्षा मोलाचे.

अचूकतेच्या टक्क्यांना भुलू नका. हंगामात शंभर दिवस धरा, त्यातले सहा धोक्याचे. रोज 'धोका नाही' म्हणणारं, काहीच न करणारं यंत्रसुद्धा 94 टक्के अचूक ठरतं. प्रश्न असा विचारायचा: खरा धोका सुटला तर काय होतं, आणि खोटी ओरड झाली तर काय होतं? पहिल्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे, बोंडं सडली, कापसाची नुसती किडकी कवडी निघाली. दुसऱ्याचं उत्तर गटात डॉक्टर देतात. 2017चा हंगाम तुमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. बोंडअळीचा तो उद्रेक, आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन गेलेले शेतकरी आणि मजूर. प्रत्येक खोट्या इशाऱ्यामागे कुणीतरी पंप पाठीवर घेऊन डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत शिरतं, बहुधा मालक नव्हे, रोजंदारीचा मजूर. आमच्या बैठकीत एका डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं: "तुमच्या इशाऱ्यावर फवारणार कोण?" त्यानंतर आम्ही इशाऱ्याची पातळी बदलली आणि 'फवारा' या शब्दाऐवजी 'वीस हिरवी बोंडं फोडून पाहा' असा निरोप ठेवला. अख्ख्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, आणि त्यात एक ओळही कोड नव्हता.

हाती काय लागेल, हे तुम्ही विचारलंत. एखादा शोधनिबंध कदाचित, तोही वर्ष संपल्यावर, आणि नावांच्या क्रमावरून रुसवे होतील. कुठल्या विषयात नावं वर्णक्रमाने लागतात, कुठे शेवटचं नाव मोठं मानतात, म्हणून क्रम आधीच लिहून घ्या, ऐनवेळी नको. पण पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असं खरं तर एकच उरतं: स्वच्छ तक्ता आणि त्याच्यासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, कोणी मोजलं, कधी चुकलं, हे सांगणारी दहा-बारा पानं. मराठीत लिहिलीत तरी चालेल. शेवटचे सहा आठवडे त्यालाच राखा. नेमणूक संपली की संस्थेचं खातं बंद होतं, आणि तुमच्या लॅपटॉपवर अडकलेला कोड कुणाच्याही कामाचा राहत नाही.

निकाल गावात परत न्या. फार लोक हे करत नाहीत. जानेवारीत शेवटचा वेचा उरकत आला की माणसं जरा मोकळी होतात. ग्रामपंचायतीत पडदा लावायची गरज नाही, कागदावर छापलेला त्यांच्याच गावाचा आलेख पुरे. लोक लगेच चुका दाखवतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी, कुणी ठेवली होती, कुणाच्या आवारात जुनी पऱ्हाटी रचून होती, हे तुम्हाला वर्षभरात कुणी सांगितलं नसेल, ते त्या दिवशी कळतं. अळी पुढच्या हंगामात जाते ती त्याच वाटेने.

बाबांना काय सांगायचं? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. एका वर्षाची नेमणूक ही नोकरी नव्हे, पुढे मुदतवाढ मिळेल या आशेवर राहू नका. बँकेचा अर्ज भरा, परीक्षा द्या, दोन्ही चालतं. संख्याशास्त्राची तयारी दोन्हीकडे कामी येते. रुजू होऊन महिना झाला की एकदा त्यांना सापळा दाखवा आणि रोज सकाळी मोजायला सांगा. आणि त्यांच्याकडे पेरणीच्या, फवारणीच्या, वेच्याच्या नोंदींची जुनी वही असेल, बहुतेक घरांत असते, कुठेतरी बियाण्याच्या पावत्यांसोबत. तिच्या पानांचे फोटो काढून घ्या. आधी विचारून. बुधवारची पानं कोरी आहेत का, तेही बघा.